बाळंतिणीचे अंगण

गेल्या महिन्यात नाशिकास एका आप्तांकडे बारशास जाण्याचा योग आला. पाळणा फुलांनी सजविलेला, घुगऱ्यांची ताटे फिरत असलेली आणि पाळण्याभोवती बायकांची दाटी. बाळाचे नाक आजोबांवर गेले की मामांवर, रंग कोणाचा घेतला, जन्मतेवेळी वजन किती भरले, या प्रश्नांची चर्चा तासभर चालली. बाळाची आई मात्र पैठणी नेसून, भिंतीशी टेकून, हसल्यासारखे करून बसली होती. ओटी भरण्यापुरतेच काय ते तिच्याकडे लक्ष गेले. अखेर एक वृद्ध मावशी तिच्याजवळ सरकल्या व हळूच म्हणाल्या, "रात्री झोप लागते का ग तुला?" एवढ्या एका प्रश्नासरशी त्या मुलीचे डोळे भरून आले. "आनंदाचे अश्रू हो!" असे म्हणून मंडळींनी तो प्रसंगही गोड करून घेतला. आम्हांस मात्र त्या अश्रूंची जात ओळखू आली. कारण तसे अश्रू पूर्वी एकदा आम्ही आमच्याच घरात पाहिले होते, आणि तेव्हा ओळखले नव्हते.

गोष्ट १९९० च्या सुमाराची. जव्हार तालुक्यातील एका पाड्यालगतच्या प्राथमिक शाळेवर आमची नेमणूक होती. दुसरे अपत्य आषाढात झाले. जव्हारचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांस त्याची कल्पना येणार नाही. दिवसेंदिवस सूर्यदर्शन नाही, आणि ओहोळ भरून वाहू लागले की पाड्याची वाट बंद. आमच्या मातुःश्रींनी रीतीप्रमाणे सर्व काही केले. शेकशेगडी, ओवा-बाळंतशेपांची धुरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर; खिडकीस गोणपाट लावून खोली उबदार केली. देहाचे म्हणून काही उणे राहिले नाही. परंतु तिसऱ्या आठवड्यापासून आमच्या पत्नीने बोलणे टाकले. मूल रडले तरी ती आढ्याकडे पाहत राही. "दुसरीही मुलगीच" हे शब्द मोठ्याने कोणी उच्चारले नाहीत, पण ते घरभर ऐकू येत होते. मातुःश्री म्हणाल्या, "ही सगळी थेरं आहेत." आम्ही पडलो शिक्षक, आम्ही तीस मातृधर्मावर व्याख्यान दिले.

शाळेशेजारी कोकणा समाजातील एक वृद्धा राहत असे. एके दुपारी पावसाने उघडीप दिली, तेव्हा ती आत आली, मूल उचलून छातीशी घेतले, आणि "बाय, बाहेर येऊन बस," एवढेच बोलून आमच्या पत्नीस हाताला धरून पडवीत घेऊन गेली. तेथे चार बायका नागली पाखडीत बसल्या होत्या. त्यांनी एक सूप तिच्यापुढे सरकविले. कोणी तीस काही समजाविले नाही, की उपदेश केला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. पंधरा दिवसांनी ती प्रथम हसली. पूर्ववत होण्यास मात्र दिवाळी उजाडली. पुष्कळ वर्षांनंतर एकदा ती आम्हांस म्हणाली, "तुम्ही मला सांगितलंत पुष्कळ, विचारलंत मात्र काहीच नाही." हे सर्व आम्ही तिच्या अनुमतीने येथे लिहीत आहोत.

ज्यास आम्ही थेर समजलो तो वस्तुतः विकार होता. प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मन हळवे होते, विनाकारण रडू येते. हा अनुभव बहुतेक स्त्रियांस येतो व दोन आठवड्यांच्या आत तो आपोआप ओसरतो. परंतु खिन्नता त्याहून अधिक टिकली, कशातच गोडी वाटेनाशी झाली, मूल निजले असताही झोप येईना, आपण आई होण्यास नालायक आहोत असे मनाने घेतले, तर तो प्रसूतिपश्चात होणारा नैराश्याचा आजार समजावा. भारतात झालेल्या निरनिराळ्या पाहण्यांचा एकत्रित हिशेब २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला. त्यात शंभर मातांमागे सुमारे बावीस मातांस हा आजार आढळला. आपल्या शेजारच्या गोमंतकात डॉक्टर विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. तीत प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी शंभरात तेवीस माता या अवस्थेत होत्या, आणि त्यांतील पुष्कळजणींचे मन गरोदरपणीच खचू लागले होते. दारिद्र्य, पतीशी बेबनाव, आणि मुलग्याची आस असता मुलगी होणे, ही कारणे त्यांत ठळकपणे दिसून आली. ते वाचताना आमच्या पडवीतील ते सूप आमच्या डोळ्यांपुढे उभे राहिले.

आपल्या पूर्वजांस ही गोष्ट अज्ञात होती काय? चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठवा अध्याय ज्यांनी वाचला आहे ते तसे म्हणणार नाहीत. सूतिकागारात कोणत्या स्त्रिया असाव्यात हे सांगताना आचार्यांनी औषधे व उपकरणे यांच्याइतकेच महत्त्व सोबतिणींच्या स्वभावास दिले आहे. अनेकवार प्रसूत झालेल्या, स्नेहशील, कार्यकुशल, स्वभावतःच वत्सल, क्लेश सोसणाऱ्या आणि स्वतः विषाद टाकून दिलेल्या अशा पुष्कळ स्त्रिया तिच्याभोवती असाव्यात, असा त्याचा आशय आहे. 'विषाद टाकून दिलेल्या' हे विशेषण वाचकांनी लक्षात घ्यावे. ज्या शास्त्राने बाळंतिणीच्या सोबतिणीचे मन कसे असावे याचा विचार केला, त्याचे अभिमानी म्हणविणारे आम्ही लाडू आणि शेगडी तेवढी उचलली, आणि सोबत मागे ठेवली.

आता ज्या प्रदेशात आमचे आयुष्य गेले त्याकडे वळू. जव्हार हे १९४८ पर्यंत मुकणे राजांचे संस्थान. आज जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके १ ऑगस्ट २०१४ रोजी निर्माण झालेल्या पालघर जिल्ह्यात मोडतात. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा जमातींची येथे वस्ती आहे. उतारावरची नागली व वरई आणि पावसाळी भात हीच काय ती शेती. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी भागात शंभराहून अधिक बालके दगावली, आणि जव्हारचे नाव सर्व महाराष्ट्रास कुपोषणाचे गाव म्हणून ठाऊक झाले. तेव्हापासून येथे बालकांची वजने घेणे सुरू आहे. तराजू आले, तक्ते आले, दंडाची गोलाई मोजण्याच्या पट्ट्या आल्या. हे सर्व आवश्यकच होते. परंतु ज्या माऊलीच्या मांडीवरून ते मूल तराजूत जाते तिच्या मनाचे वजन घेण्याची व्यवस्था कोणी केली नाही. ज्यांची मुले गेली त्या मातांचे पुढे काय झाले, हे तर कोणी विचारलेही नाही.

कोणी म्हणेल, पोटास अन्न नाही तेथे मनाचे चोचले कसले? हा आक्षेप आम्हीही पूर्वी घेतला असता. पण गोमंतकातील त्याच संशोधकांनी २००३ साली दाखवून दिले की ज्या मातांस प्रसूतीनंतर नैराश्याने घेरले होते त्यांची मुले सहाव्या महिन्यात वजनाने व लांबीने इतर मुलांहून मागे पडली होती. यात नवल ते काय? जिचे मन उठत नाही तिचा हातही उठत नाही. मुलास वेळोवेळी पाजणे, आजारात धावपळ करणे, दोन ओहोळ ओलांडून दवाखाना गाठणे, हे सारे मनाच्या बळावरच होते. तेव्हा मनाचा प्रश्न अन्नानंतरचा नव्हे. तो अन्नाच्या प्रश्नातच गुंतलेला आहे.

या बाबतीत आमच्या जिल्ह्यास एक मोठा वारसा लाभला आहे. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीस आल्या, आणि पुढे १९५७ साली त्यांनी व अनुताई वाघ यांनी डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर आपले कार्य नेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून 'अंगणवाडी' जन्मास आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच 'कुरणशाळा' भरू लागली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि हेच अंगणवाडी नाव देशभर पोचले. त्या शब्दाचा पहिला अर्धा भाग, म्हणजे अंगण, आपण आता विसरत चाललो आहोत. अंगण म्हणजे घर नव्हे आणि रस्ताही नव्हे. तेथे बसलेल्या बाईस कोणी 'का आलीस' म्हणून विचारीत नाही, व एकटीही पडू देत नाही.

१८ नोव्हेंबर २०१५ रोजी महाराष्ट्र सरकारने आदिवासी क्षेत्रांसाठी डॉक्टर ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना काढली. गरोदर व स्तनदा मातांस अंगणवाडीत एक वेळचे ताजे चौरस जेवण द्यावे अशी ती योजना. भात, भाकरी किंवा पोळी, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा गुळाचा लाडू, अंडे किंवा केळे, असा तिचा बेत. अधिकारी तिच्याकडे उष्मांक व प्रथिने यांच्या दृष्टीने पाहतात, आणि ते योग्यच आहे. पण आम्ही एका मोठ्या आंब्याखाली बसणारी अशी पंगत अनेकदा पाहिली आहे. दुपारी बारा-साडेबाराच्या सुमारास पाड्यावरच्या लेकुरवाळ्या तान्ही मुले झोळीत बांधून येतात. एकीचे मूल दुसरीच्या मांडीवर जाते. पहिलटकरीण दोन मुलांच्या आईस दूध कमी येण्याचे विचारते. एखादी काहीच बोलत नाही. पण ती बोलत नाही हे तेथे चौघींच्या ध्यानी येते. घरच्या अंधारात ते कोणाच्या ध्यानी आले असते?

पाड्यावरचे जीवन म्हणजे निसर्गाच्या कुशीतले सुख, असे गोड चित्र आम्ही रंगविणार नाही. तेथील बाळंतीण उघड्यावर असते, परंतु विसाव्यासाठी नव्हे. मोखाड्यात उन्हाळ्यात विहिरी आटल्या की तान्ह्या मुलाची आईही हंडा घेऊन लांब चालत जाते. आणि मुंबईस पाणी पुरविणारी वैतरणा याच भागातून वाहते. नवऱ्याचे दारूचे व्यसन तेथेही घरे उद्ध्वस्त करते. आमच्या बाळंतिणीस विसावा मिळतो, सोबत मिळत नाही. त्यांच्या बाळंतिणीस सोबत मिळते, विसावा मिळत नाही. अमृत आहाराच्या पंगतीत या दोन्ही गोष्टी दिवसातून तासभर एकत्र येतात. हेच तिचे खरे अमृत, असे आम्हांस वाटते.

हे अमृत किती नाजूक आहे हेही आम्ही पाहिले. २०२० साली कोरोनाच्या साथीत अंगणवाड्या बंद झाल्या व शिधा घरपोच मिळू लागला. धान्य घरी आले, पण ते सर्वांच्या हंडीत शिजले; बाईच्या वाट्यास किती आले ते तिलाच ठाऊक. आणि पंगत मोडली ती मोडलीच. ती पुन्हा बसेपर्यंत आंब्याखाली कोणी नव्हते. दुसरा घाव दरवर्षीचा. दिवाळीनंतर अर्धे-अधिक पाडे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर कामास जातात. भिवंडी, वसई, आणखी कोठे कोठे. तेथे भट्टीच्या कडेस खोपटात प्रसूत होणाऱ्या बाईस ना सासर ना माहेर, ना आंबा ना अंगण. तिचा शिधा कदाचित शोधीत तेथवर जाईल. तिची सोबत कशी जाणार?

नुसते एकत्र बसून काय होते, असे विचारणाऱ्यांसाठी दोन दाखले देतो. झारखंड व ओडिशातील आदिवासी भागात 'एकजूट' नावाच्या संस्थेने गावोगावी स्त्रियांची मंडळे चालविली. गावातीलच एखादी बाई महिन्यातून एकदा सर्वजणींस जमवी. गोष्टी, चित्रे व खेळ यांच्या साहाय्याने बाळंतपणातील अडचणी त्यांनीच सांगाव्यात व उपायही त्यांनीच शोधावेत, अशी रीत. २०१० साली या प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी, मंडळे नसलेल्या गावांच्या मानाने, नवजात अर्भकांचे मृत्यू ४५ टक्क्यांनी कमी होते. मातांच्या मनाच्या बाबतीत तिन्ही वर्षे मिळून ठळक फरक पडला नाही. परंतु तिसऱ्या वर्षी मध्यम स्वरूपाचे नैराश्य ५७ टक्क्यांनी कमी आढळले. याचा अर्थ सोबत फळते, पण तीस वेळ द्यावा लागतो.

दुसरा दाखला दूरदेशीचा. आफ्रिकेतील झिंबाब्वेमध्ये मनोविकारतज्ज्ञ फारच थोडे. तेथील डॉक्टर डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली हरारे शहरात चौदा आजीबाईंस शिकवून तयार केले आणि दवाखान्याच्या आवारात, उघड्यावर, एक लाकडी बाक मांडला. दुखावलेल्या मनाच्या माणसाने त्या बाकावर आजींच्या शेजारी बसावे व आपले गाऱ्हाणे सांगावे. त्यांच्या भाषेत या दुखण्यास जे नाव आहे त्याचा अर्थ 'फार विचार करणे' असा होतो. आपल्या बायकाही 'विचार लागलेत' असेच म्हणतात. हा बाक केवळ बाळंतिणींसाठी नाही. पण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, बाकावर बसलेल्या रुग्णांची लक्षणे सहा महिन्यांनंतर इतरांपेक्षा पुष्कळच कमी झालेली दिसली. आमच्या पडवीतील वृद्धेस ही विद्या कोणी शिकविली होती, देव जाणे!

तेव्हा जव्हार-मोखाड्यासाठी आमची मागणी मोठी नाही. मूल जन्मल्यावर आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते. घरोघर जाऊन नवजात बालकांची काळजी घेण्याच्या या पद्धतीचा पाया डॉक्टर अभय व राणी बंग यांनी गडचिरोलीत घातला. या भेटीत मुलाचे वजन व ताप पाहून झाल्यावर आशाताईने मातेस दोनच प्रश्न विचारावेत : 'गेल्या काही दिवसांत मन सारखे उदास असते का?' आणि 'पूर्वी ज्यात गोडी होती त्यात आता ती उरली नाही का?' उत्तर होकारार्थी आले तर दुसऱ्या दिवसापासून त्या बाईस पंगतीस स्वतः घेऊन यावे व दवाखान्यात कळवावे. पंगतीची जागा सावलीची असावी, जेवणानंतर अर्धा तास कोणी कोणास उठवू नये, आणि पाड्यावरची एखादी अनुभवी, मायाळू वृद्धा तेथे रोज मानाने बोलावली जावी.

मात्र एक इशारा द्यावयास हवा. सोबत हे औषध आहे, पण प्रत्येक वेळी तेवढेच पुरत नाही. खिन्नता पंधरा दिवसांनंतरही टिकली तर डॉक्टरांस दाखवावे. अंगावर दूध पीत असलेल्या मुलाच्या आईसही देता येतील अशी औषधे आहेत. आणि हजारांतून एकदोन बाळंतिणींस भ्रम होतात, त्या असंबद्ध बोलतात, झोप अजिबात उडते; किंवा एखादी स्वतःच्या अथवा मुलाच्या जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलू लागते. अशा वेळी अंगारे-धुपारे व 'बाहेरचे' पाहण्यात एक घटकाही न दवडता तिला एकटी न सोडता रुग्णालय गाठावे. सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलिमानस' या दूरध्वनी सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे. तेथे केव्हाही विनामूल्य सल्ला मिळतो.

आमच्या वाचकांच्या घरांत आशाताई येत नाहीत व अमृत आहाराची पंगतही बसत नाही. पुण्यातील सहाव्या मजल्यावर, किंवा थेट अमेरिकेत, आपल्या लेकीसुना चार भिंतींत व हाती दूरध्वनी घेऊन बाळंतपण काढतात. म्हणून घरच्या वडील मंडळींस आमची विनंती आहे. बाळास पाहावयास गेल्यावर आधी आईची विचारपूस करावी. डॉक्टरांची हरकत नसेल तर कोवळ्या उन्हात रोज घटकाभर तीस बाहेर न्यावे. वसाहतीत चार तान्ह्या मुलांच्या आया असतील तर त्यांस बागेत किंवा गच्चीवर एका ठरल्या वेळी जमू द्यावे, आणि तेथे सासवांनी उपदेश करण्यास जाऊ नये. पाजणे झाल्यावर रात्रीचा एक प्रहर मूल पित्याने सांभाळावे. मुलगी झाली तर पेढे वाटताना आवाज उतरू देऊ नये. 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' हे वाक्य तर घरातून हद्दपारच करावे. आमच्या वेळीही ते होते, आम्ही विचारले नाही इतकेच.

बारशाहून निघताना आम्ही त्या मुलीच्या नवऱ्यास बाजूस घेऊन आमच्या पडवीची हकीकत सांगितली. तो मुकाट्याने ऐकून घेऊन म्हणाला, "काका, मी तिला रोज समजावतो." आम्ही म्हटले, "समजावू नकोस, बाबा. तिच्याजवळ बाहेर जाऊन बस, आणि विचार." काल त्याचा निरोप आला. ती दोघे रोज सकाळी मुलास घेऊन बागेत जातात, तेथे आणखी दोघीजणी येतात, आणि पुढच्या गुरुवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे.